वर पाठवलेली वही

अमोलिक सिस्टरांना अर्धं नाव चालत नसे. दारावर भाजीवाला आला, तर भेंडीचा भाव विचारायच्या आधी त्या त्याचं नाव विचारायच्या. तो म्हणायचा, "मुकेश." त्या म्हणायच्या, "मुकेश कौन? पिताजी का नाम?" एकदा त्यानं वैतागून विचारलं, "अम्मा, भिंडी लेनी है के आधार कार्ड बनाना है?" सिस्टर हसल्या नाहीत. "मुकेश बहुत हैं. तू कौन सा है, ये तो मालूम होना चाहिए," म्हणाल्या. त्यानं बापाचं, आजाचं, गावाचं असं सगळं सांगितलं आणि मग कुठे अर्धा किलो भेंडी पिशवीत पडली.

मी तेव्हा स्नेहलतागंजातल्या त्या इमारतीत तळमजल्यावर नवाच राहायला आलो होतो. सांगलीहून इंदूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलेला आणि स्वतःला जरा जास्तच शहाणा समजणारा माणूस. जिन्यात पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा मी नमस्कार केला, त्या "सलाम" म्हणाल्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत तसं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं आडनाव सांगितलं. त्या एक पायरी खाली उतरून थांबल्या आणि माझं, वडिलांचं, बायकोचं, अशी तीन पूर्ण नावं वदवून घेतल्याशिवाय त्यांनी मला वाट दिली नाही. घरात शिरल्या शिरल्या मी बायकोला म्हणालो, "वरच्या मजल्यावर ठाणेदार राहतात."

सत्तरी ओलांडलेली बाई. बुटकी, काळीसावळी, पायात रबरी चपला आणि छातीवर नर्स लावतात तसं उलटं घड्याळ. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण घड्याळ सुटलं नव्हतं. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख, वेळ. माझ्या बायकोनं एकदा पोहे पाठवले, तर डबा घासूनपुसून परत आला आणि वर चिकटपट्टी होती: 'मिळाले सकाळी ८.१०. संपले ८.२५. मीठ थोडं कमी.' बायको चार दिवस बोलली नाही, पण पुढच्या खेपेला मीठ नीट पडलं.

पावसाळ्यात इंदुरात दर कोपऱ्यावर भुट्टे भाजत असतात. सिस्टर लांबूनच गाडी बघायच्या, नाकाला पदर लावायच्या आणि भर रहदारीत रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. मी चिडवायचो, "सिस्टर, इंदुरात राहून भुट्ट्याशी दुश्मनी?" त्या म्हणायच्या, "वास सोसत नाही, सर." मला वाटायचं पित्त असेल. मी त्यांना दोनदा कोकम सरबत करून प्यायला सांगितलं होतं.

मग एक दिवस त्या हातात कागद घेऊन खाली आल्या. "सर, इंग्लिश बघून द्या जरा." पत्र होतं. सुरुवात अशी: 'आदरणीय महोदय, मी नर्स आहे. मी पाहिलं आहे.' मी प्राध्यापक. मी लगेच लेखणी सरसावली आणि वरती 'आपल्या सेवेशी सादर करण्याचा बहुमान मला लाभत आहे' अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य घातलं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्याच पेनानं खोडलं. "बहुमान कसला त्यात?" म्हणाल्या. मग मी पत्र पुढे वाचलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

देशाचं नाव मी लिहीत नाही. तशी पुढे कोर्टाकडून सिस्टरांना ताकीद होती आणि त्यांच्यामागे मीही ती पाळतो. आफ्रिकेतला एक देश, एवढं पुरे. तरुणपणी त्या मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम करायला तिकडे गेल्या आणि वीस वर्षं राहिल्या. दवाखान्याला लागून मक्याचं मोठं कोठार होतं. एका सकाळी बंदूकवाले येताहेत असं कळलं, तेव्हा गावातली माणसं त्या कोठारात जाऊन लपली, कारण त्याच्या भिंती जाड होत्या. बंदूकवाले आले, त्यांनी बाहेरून कडी घातली आणि कोठार पेटवून दिलं. सिस्टर त्या वेळी एका अडलेल्या बाईपाशी प्रसूतीच्या खोलीत होत्या. खिडकीतून त्यांना टोळीचा म्होरक्या दिसला आणि त्याला त्या दिसल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं आणि नोंद करताना, सवयीप्रमाणे, बापाचं पूर्ण नाव विचारून घेतलं होतं. सगळा मुलूख त्याला टोपणनावानं ओळखायचा, खरं नाव सिस्टरांना ठाऊक होतं. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आतच राहा."

"त्यानं मला ओळखलं, सर," चहात साखर ढवळत त्या मला म्हणाल्या. "म्हणून मी आहे. कोठारातल्यांना त्यांच्यापैकी कुणी ओळखत नव्हतं."

पुढचे दोन दिवस त्या उरलेल्या माणसांच्या दारोदार फिरल्या आणि कोण कोण कोठारात होतं ते विचारून शाळेच्या निळ्या वहीत लिहीत गेल्या. पहिल्या पानावर म्होरक्याचं पूर्ण नाव. मग मेलेल्यांची नावं. चौतिसाव्या नावावर पेनातली शाई संपली. उरलेली सात त्यांनी तापाच्या तक्त्याला बांधलेल्या पेन्सिलीनं लिहिली. एकूण एकेचाळीस. शेवटच्या सातांत एक ओळ होती: 'मुलगी, नऊ दिवस.' तिचं नाव येत्या रविवारी ठेवायचं होतं. अर्धं नाव न चालणाऱ्या बाईला ही ओळ तशीच लिहावी लागली होती. गाव सोडताना तिथल्या बायकांनी त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "सिस्टर, ही नावं कुठेतरी मोठ्या ठिकाणी वाचा." युरोपात एक न्यायालय आहे, जिथे अशा कत्तलींचे खटले चालतात. त्या न्यायाधीशांसमोर उभं राहून एकेचाळीस नावं एकदा मोठ्यानं वाचायची, एवढंच सिस्टरांना उरलेल्या आयुष्यात करायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

आपला देश त्या न्यायालयाचा सभासद नाही, त्यामुळे सरकारी वाट बंद. त्या पत्रं लिहायच्या. वर्षाला एक. उत्तरादाखल पोच यायची, छापील.

सिस्टरांच्या बाजूनं या जगात कोण होतं, तर एक लहानशी मराठी मंडळी. दर रविवारी चर्चमधली हिंदी उपासना आटोपली की चार वाजता त्याच देवळात, चर्चला ते देऊळच म्हणत, ही वीस-बावीस माणसं जमायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, शाळेतल्या शिक्षिका, एक-दोन नर्स. साळवे पाळक म्हणून म्हातारे धर्मगुरू होते, उंच, वाकलेले, खोकत खोकत उपदेश करणारे. उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते, म्हणजे आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, नोकरी शोधणारे, यांची नावं घेऊन देवाकडे रदबदली करायची. साळवे पाळकांनी त्यात ती एकेचाळीस नावं घातली आणि दर रविवारी, त्या निळ्या वहीतून, स्वतः वाचली. कधी कुणी कुरकुरलं, "पाळकबाबा, उपासना लांबते, चहा गार होऊन जातो," तर ते शांतपणे विचारायचे, "बरं. तुमच्या आईचं नाव गाळू का आज?"

सिस्टरांच्या आग्रहावरून मीही एकदा जाऊन बसलो. मला देवाधर्माचं काही नाही. पण मारिया, दानिएल, रूथ, एलीया अशी नावं ऐकू येत राहिली आणि शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या ओठांवर ती वाचायच्या आधीच येत होती. खंडव्यापलीकडे न गेलेला माणूस. त्याला त्या गावातलं कोण कुणाचं लागत होतं तेसुद्धा माहीत होतं. दरवर्षी कत्तलीच्या तारखेला मंडळी उपास करायची आणि घरटी एक पत्र त्या न्यायालयाला धाडायची. मराठीत, हिंदीत, ज्याला जसं येईल तसं. मी म्हटलं, "पाळकबाबा, तिकडे हे वाचणार कोण?" ते म्हणाले, "वाचू नका म्हणावं. वजन तर करतील ना?"

अकरा वर्षं हे चाललं. मग एका जानेवारीत साळवे पाळकांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले.

त्याच संध्याकाळी सिस्टर त्या वर्षीचं पत्र घेऊन खाली आल्या. माझ्या टेबलावर पेपरांचा गठ्ठा होता, मुलांनी इंग्रजीत एक वाक्य धड लिहिलं नव्हतं, आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी मान वर न करता म्हणालो, "सिस्टर, सोडा आता. तिकडे कुणाला काही पडलेली नाही. उत्तर येणार नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. "बरं," म्हणाल्या आणि पत्र घेऊन जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी मी पाहिलं. पेटीचं झाकण लावायच्या आधी सिस्टर पुढे झाल्या आणि दवाखान्यात खाटेवर घालतात त्या रबरी कापडात गुंडाळलेलं पुडकं त्यांनी पाळकांच्या हाताखाली सरकवलं. निळी वही. पाळक नसतील त्या रविवारी वाचता यावं म्हणून मंडळीतल्या थोरात टीचरांनी आपल्या सुरेख अक्षरात एक प्रत उतरवून ठेवलेली होती, तेव्हा मूळ वहीची आता गरज नव्हती. परतताना सिस्टर मला म्हणाल्या, "अर्ज वर दिला, सर. खाली तारीख मिळत नाही. पाळकबाबा स्वतः घेऊन गेलेत. तिथे तरी कुणी विचारेल."

बायका रडत होत्या. मलाही ते फार सुंदर वाटलं होतं, आणि याची मला आज लाज वाटते.

सव्वा वर्षानं माझ्या मेलवर पत्र आलं. सिस्टरांच्या पत्रांखाली मेलचा पत्ता माझा असायचा. तो माणूस कुठल्याशा सीमेवर खोट्या नावाच्या पासपोर्टसकट पकडला गेला होता आणि आपण याच्या खऱ्या नावाची साक्ष देऊ शकता का, असं न्यायालयाच्या लोकांनी विचारलं होतं. मी अनवाणीच जिना चढलो. सिस्टरांनी पत्र दोनदा वाचलं. मग उठून तोंड धुतलं, साडी बदलली आणि घड्याळ छातीला लावून बसल्या, जणू दहा मिनिटांत ड्युटीवर जायचं होतं.

आमच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉपवर बोलणं झालं. पडद्यावर एक पोक्त, दमलेली तपास अधिकारी बाई होती. खूप नीट बोलली. मग तिनं विचारलं, "तुमच्या सगळ्या पत्रांत एका वहीचा उल्लेख आहे. तुम्ही त्याच दोन दिवसांत स्वतःच्या हातानं लिहिलेली. ती आहे ना?"

सिस्टर म्हणाल्या, "आहे."

"कुणाकडे?"

"आमच्या पाळकांकडे."

"ते ती देतील का?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं काम मी केलं. त्या बाईनं चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. थोरात टीचरांची प्रत दुसऱ्याच्या हातची, इतक्या वर्षांनंतरची. आरोपीचे वकील तिच्या चिंध्या करतील. आणि दर रविवारी सगळ्यांनी मिळून वाचलेली नावं म्हणजे पाठ करून घेतलेली साक्ष, असं म्हणायला ते कमी करणार नाहीत. कबर उघडा असं आम्ही सांगू शकत नाही, ती म्हणाली. पण उघडलीच, तर सगळं चित्रित करा. तीन महिने आहेत.

पडदा काळा झाला. सिस्टर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. "सर, मी घाई केली," म्हणाल्या. "थोडं थांबायला पाहिजे होतं." घाई त्यांची नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी उठून पंखा वाढवला.

कबर उघडायची तर पाळकीणबाईंची संमती हवी. साळवे पाळकांची बायको, चौऱ्याऐंशी वर्षांची, मुलीकडे सुदामा नगरात राहायची. आम्ही गेलो. त्यांनी आमच्यापुढे शेव ठेवली, पाणी ठेवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उघडेल ना कबर. मंडळीचा ठरावच झालेला आहे, मला त्यांच्याच कबरीत ठेवणार म्हणून. मी गेली की उघडालच तुम्ही, तेव्हा काढून घ्या. मतलब दोनदा कशाला त्रास त्यांना?"

"पण तीन महिन्यांत पाहिजे, बाई," सिस्टर म्हणाल्या.

"ते काय माझ्या हातात आहे का, सगुणा?"

आणि मग सिस्टरांनी जे केलं ते मी विसरणं शक्य नाही. त्यांनी पाळकीणबाईंचं मनगट हातात घेतलं, छातीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. "बहात्तर," त्या म्हणाल्या. "उत्तम आहे." इतक्या निराश आवाजात कुणी कुणाची तब्येत उत्तम असल्याचं सांगताना मी ऐकलेलं नाही. पाळकीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मग दोघीही म्हाताऱ्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता सिस्टर रडायला लागल्या. मी शेवेची ताटली हातात घेऊन बसलो होतो.

पाच आठवडे गेले. सिस्टरांच्या डब्यांवरच्या चिकटपट्ट्या बंद झाल्या. एकदा मी वर गेलो तर दूध उतू जाऊन वाळलेलं होतं आणि त्या कॅलेंडरासमोर उभ्या होत्या. "सर, मी मेली तर त्याचं पूर्ण नाव सांगणारं कुणी उरत नाही," म्हणाल्या. "तो सुटेल. टोपणनावाचा माणूस मी नव्हेच म्हणेल आणि सुटेल."

त्यानंतरच्या रविवारी थोरात टीचर प्रतीतून नावं वाचत असताना देवळाबाहेर रिक्षा थांबली. पाळकीणबाई काठी टेकत आत आल्या आणि बसल्या नाहीत. 'मुलगी, नऊ दिवस' इथपर्यंत उभ्यानं ऐकलं. मग म्हणाल्या, "उघडा. मी काय विचार करत होती इतके दिवस, मलाच समजत नाही. ते असते तर स्वतः उठून आणून दिली असती त्यांनी."

मग परवानगीसाठी सरकारी कचेरी. तिथल्या बाबूनं अर्ज वाचून विचारलं, "किस कोर्ट के लिए?" सिस्टर म्हणाल्या, "बाहर के." तो म्हणाला, "तो बाहर वाले बाहर खोदें ना, मैडम. यहाँ काहे को?" तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला मंडळीतली सहा-सात माणसं सोबत असायची, इस्त्रीचे कपडे घालून, बाकावर ओळीनं बसलेली. चौथ्या वेळी कचेरीतल्या अधिकारी बाई स्वतः खोलीबाहेर आल्या. तरुण होत्या. "ये रोज कौन लोग बैठे रहते हैं?" त्यांनी विचारलं. सिस्टरांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, "नाम कितने हैं?"

"इकतालीस."

त्यांनी सही केली. सिस्टरांनी अर्थातच त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

सकाळी सात वाजता आम्ही कब्रस्तानात जमलो. पाळकीणबाई कबरीकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या. रमेश नावाचा खोदणारा होता, त्याला सगळे रमेश भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. तो हळूहळू, हातानं लोणी काढावं तशी माळव्याची काळी माती काढत होता. मी मोबाइलवर चित्रण करत होतो. पुडकं वर आलं तेव्हा रमेश भियानं ते दोन्ही हातांनी सिस्टरांकडे दिलं आणि कपाळाला हात लावला. रबरी कापड घडीवर चिरलेलं होतं.

सिस्टरांनी पांढऱ्या कापडावर वही ठेवली आणि पट्टी सोडवावी तशी पानं सोडवली. पहिलं पान निळं होतं. सगळं निळं, एकही अक्षर नाही. दुसरं तसंच. तिसरं, चौथं. चौतीस माणसं आणि त्यांना मारणाऱ्याचं नाव, सगळ्यांचा मिळून एक डाग झाला होता. मी चित्रण थांबवणार होतो. तेवढ्यात शेवटचं पान सुटलं, आणि त्यावर राखाडी, बारीक, स्पष्ट अक्षरं होती. पेन्सिलीची. सात ओळी. 'मुलगी, नऊ दिवस' तर काल लिहिल्यासारखी.

"शाई चांगली होती हो," सिस्टर म्हणाल्या. "मिशनच्या मोठ्या बाईंनी वाढदिवसाला दिली होती. मला वाटलं, चांगल्या शाईनं लिहावं."

पाळकीणबाईंनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "मिळाली का?" मग सिस्टर म्हणाल्या, "सात मिळाली, बाई."

न्यायालयाचं म्हणणं पडलं की सिस्टरांनी माणूस ओळखावा, त्याचं नाव सांगावं आणि वहीत वाचता येतात तेवढ्याच सात नावांबद्दल बोलावं. साक्ष तुकोगंजातल्या एका हॉटेलच्या खोलीतून पडद्यावर व्हायची होती. हे सगळं गुप्त ठेवायचं होतं, पण मंडळीत गुप्त काय राहतं? मी सिस्टरांना घेऊन रिक्षातून उतरलो तर फूटपाथवर सतरा माणसं उभी. मधल्या वारी, भर उन्हात, रविवारच्या कपड्यांत. हॉटेलचा चौकीदार विचारत होता, "शादी है क्या, आंटी?" त्यांना वर जायची परवानगी नव्हती, मलाही नव्हती. सिस्टर एकट्या वर गेल्या. आम्ही खाली उभे राहिलो. पाळकीणबाईंनाही कुणी बसवू शकलं नाही.

अडीच तासांनी त्या खाली आल्या. चेहरा ओढलेला. पाण्याचा ग्लास पुढे केला तर घेतला नाही.

"मी पहिल्यापासून सुरू केलं, सर," म्हणाल्या. "मारियापासून. त्यांनी थांबवलं. खूप सभ्यपणे थांबवलं. म्हणाले, फक्त सात. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. परत थांबवलं. मग मी सात वाचली."

"आणि तो?"

"होता ना. पडद्यावर. म्हातारा झालाय. मी त्याचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. त्यानं वर बघितलं." त्यांनी छातीवरचं घड्याळ सरळ केलं. "त्यानं मला ओळखलं नाही, सर. त्या दिवशी ओळखलं आणि आज नाही ओळखलं."

पाळकीणबाई काठी आपटत पुढे आल्या. "चौतीस राहिली ना?" त्यांनी विचारलं. "थोरात, वही आणली आहेस का? वाच."

"इथे?"

"मग कुठे? वाच."

आणि तुकोगंजच्या त्या फूटपाथवर, हॉर्नच्या गोंगाटात, थोरात टीचर वाचायला लागल्या. एकेक नाव, आणि मागून बाकी सगळे तेच नाव. चौकीदार धावत आला, "अरे आंटी, इधर भजन मत करो, साहब चिल्लाएगा," पण दहा-बारा नावं ऐकून त्याचा आवाज खाली आला. त्यानं मला हळूच विचारलं, "ये कौन लोग हैं, भिया?" सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून, आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. ज्या ठिकाणी ती नावं वाचायची होती ते ठिकाण दोन मजले वर होतं, आणि तो पडदा आता बंद झालेला होता.

त्यानंतर त्या फार बोलत नसत. दुपारी वर गेलो की टेबलाशी बसलेल्या दिसायच्या. नवी वही, आणि हातात पेन्सिल. एकेचाळीस नावं पुन्हा लिहीत होत्या, पहिल्या पानावर त्या माणसाच्या नावासकट. त्या वहीला आता न्यायालयात काही किंमत नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. एकदा मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला सोडा म्हणालो. नसतो म्हणालो तर वही आज..." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "माहीत आहे मला," एवढंच म्हणाल्या. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "सर, एक काम करा. मी गेली की माझ्या हातात काही ठेवू देऊ नका. पवित्र शास्त्र नको, फूल नको, काही नको. वर काही पाठवायचं नाही आता. सगळं इथे लागतं."

आठ महिन्यांनी त्या गेल्या. खटल्याची तारीख पुढे गेली होती, मग आणखी पुढे गेली. मी हे लिहितो आहे तोवर निकाल आलेला नाही.

देवळात पेटी उघडी ठेवली होती. मंडळीतली एक बाई त्यांचं झिजलेलं पवित्र शास्त्र घेऊन पुढे झाली, दुसरी शेवंतीची फुलं घेऊन. सिस्टरांचं सांगणं मी पाळकीणबाईंच्या कानावर घातलं होतं, त्यांनी काठी आडवी धरली. "काही ठेवायचं नाही," म्हणाल्या. बायकांना ते बरं दिसलं नाही. कुणी पुटपुटलंही, पण काठी हलली नाही.

नवे पाळक तरुण होते, दोन महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनी सुरुवात केली, "आपल्या भगिनी, अमोलिक सिस्टर..."

"पूर्ण नाव घ्या," मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा मला कळलं की मीच उभा आहे. पाळकांनी हातातला कागद उलटसुलट केला. त्यांच्याकडे पूर्ण नाव नव्हतं. मी सांगितलं. "सगुणा येशुदास अमोलिक." मंडळीनं ते एका आवाजात म्हटलं, रविवारी म्हणतात तसं.

मग पेटी झाकायला माणसं पुढे आली. पेन्सिलीची वही माझ्या काखेत होती. सिस्टरांच्या उजव्या हाताच्या बोटाला अजून राखाडी डाग होता, आणि दोन्ही तळवे साडीवर उताणे, रिकामे होते.